जुनं प्रार्थनास्थळ दुरुस्तीला काढताय? आधी एवढं वाचा

ज्यांच्याकडे जुन्या देवळाची, मशिदीची, चर्चची किंवा विहाराची देखभाल आहे त्या सगळ्यांसाठी हे पत्रक. आम्ही जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो. आम्हाला फोन येतो तो साधारण असा, की भिंत ओली झालीये, वॉटरप्रूफिंग करून द्या. आमचा पहिला प्रश्न एकच असतो, छतावरचं पाणी खाली नेमकं कुठून उतरतं? हे बऱ्याच ठिकाणी कुणीच बघितलेलं नसतं.

पाण्याचं आधी बघा

दगडी इमारत ओली होण्याची कारणं सहसा साधीच निघतात, पन्हळ तुंबलेली असते, एखादं कौल सरकलेलं असतं, नाहीतर नंतर कधीतरी कुणीतरी भोवती फरशी घातलेली असते आणि तिचा उतार भिंतीकडे आलेला असतो. डाग जिथे दिसतो तिथूनच पाणी शिरलंय असं समजू नका. जाड भिंत आतून एकसंध नसते, दोन्ही बाजूंना घडीव दगड आणि मधे दगडगोटे आणि चुन्याचा भराव अशी बरीच बांधकामं असतात, पाणी वरून शिरतं, त्या भरावातून फिरतं आणि भलतीकडेच बाहेर पडतं. बरीच वर्षं असं चाललं की आतला चुना धुऊन जातो, पोकळी होते आणि बाहेरचे दगड पुढे यायला लागतात. भिंतीला असं पोट आलेलं दिसलं तर त्यावर गिलावा मारून झाकू नका, त्या बाजूची ये-जा थांबवा आणि लगेच कळवा.

पावसाळ्याआधी पन्हळी साफ करा, आणि भर पावसात छत्री घेऊन इमारतीभोवती एक चक्कर मारून मोबाईलवर व्हिडीओ काढा. धार कुठे लागते, पाणी कुठे साचतं ते त्यात दिसतं आणि खरं सांगायचं तर जाडजूड रिपोर्टपेक्षा आम्हाला तोच जास्त कामाला येतो.

सिमेंट नको, का ते सांगतो

सिमेंट वाईट नाही, नव्या कामात आम्हीही वापरतो, पण चुन्यात बांधलेल्या भिंतीत ते बसत नाही. चुन्याचा मसाला दगडापेक्षा मऊ असतो आणि ओल बाहेर सोडतो, म्हणजे भिंत दरजांमधून, दगडांमधल्या सांध्यांमधून, सुकते. तिथे सिमेंट भरलं की ती वाट बंद, मग ओल दगडातून बाहेर यायला बघते, येताना क्षार घेऊन येते, ते क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साचून फुगतात आणि दगडाची सालपटं निघायला लागतात. मसाला खराब झाला तर परत भरता येतो हो, कोरीव दगड परत कुठून आणणार?

म्हणून दरजा भरताना आम्ही चुनाच वापरतो. जुना सैल मसाला हाताने छिन्नीने काढतो, ग्राइंडर नाही, कारण ग्राइंडर दगडाची कड खातो. दरजेच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल जायचं, मग थराथराने भरायचं आणि ओलं गोणपाट टाकून जपायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. त्यामुळे उद्घाटनाची तारीख आधी छापून मग काम देऊ नका, ही कळकळीची विनंती, निम्मी वाईट कामं त्या तारखेपायीच होतात.

आधीच कुणी सिमेंट भरून ठेवलं असेल तर? सरसकट उखडू नका. सैल झालंय तेवढंच काढायचं, घट्ट चिकटलेलं काढायला गेलं तर दगडाची कडच त्याच्याबरोबर येते.

लोखंडाचंही असंच. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन देवळात मूळ कारागिरांनी दगड एकमेकांना जखडणाऱ्या लोखंडी पकडींना शिशाचं आवरण दिलं होतं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत मात्र नुसत्याच लोखंडी पकडी घातल्या, त्या गंजल्या, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो म्हणून संगमरवर तडकला. नंतर त्या काढून टायटॅनियमच्या बसवाव्या लागल्या.

चकाचक करायचा मोह

सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा), ऍसिड, जोरदार प्रेशरचं पाणी, ऑइलपेंट यातलं आम्ही काहीही करत नाही, पैसे देऊ केलेत तरी नाही. सँडब्लास्टिंगने घाणीबरोबर दगडाची वरची कातडीच जाते, मग पाणी आणखी सहज शिरतं. कोटिंगबद्दलही जपून, अजिंठ्याच्या चित्रांवर १९२० च्या दशकात इटालियन तज्ज्ञांनी संरक्षण म्हणून लाखेचं व्हार्निश दिलं आणि ते पुढे पिवळं पडलं. साफ करायचंच असेल तर मऊ ब्रश, साधं पाणी, आणि आधी कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर ट्रायल.

भिंतीत पिंपळासारखं झाड उगवलं तर ओढून काढू नका, मुळांबरोबर दगड हलतात. कापायचं, मूळ मारायचं, सुकू द्यायचं, मग ती जागा भरायची. रोप बोटभर असताना हे फार सोपं असतं.

तडे आणि आग

प्रत्येक तडा धोक्याचा नसतो. कडा मळलेल्या, आत कोळ्याची जाळी असेल तर तो बहुधा जुना, कडा धारदार आणि स्वच्छ असतील तर ताजा. तड्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, शेजारी तारीख लिहा आणि सगळे ऋतू जाऊ द्या. काच फुटली तर भिंत हलतेय, लगेच बोलवा, नाही फुटली तर नुसता तडा भरून भागतं.

आगीची काळजी सगळ्यात जास्त दुरुस्ती चालू असताना घ्यावी लागते. पॅरिसचं नोत्र दाम चर्च १५ एप्रिल २०१९ ला पेटलं तेव्हा तिथे कामच सुरू होतं, छपराचा जुना लाकडी सांगाडा गेला, छपरावरचा निमुळता मनोरा कोसळला आणि ते परत उघडायला डिसेंबर २०२४ उजाडलं. लाकडी छपराजवळ आम्ही वेल्डिंग करतच नाही, आणि परांची असेपर्यंत संध्याकाळी मेन स्विच बंद करून निघतो. तुमच्या बाजूने जुनी वायरिंग तेवढी तपासून घ्या.

देखभालीचा वर्षाचा करार घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. मालीमधल्या जेने गावची मोठी मशीद मातीची आहे, आत्ताची इमारत १९०७ ची, आणि गावातले लोक दरवर्षी एकत्र येऊन तिला मातीचा नवा लेप देतात, त्यासाठी चढायला भिंतीतच लाकडं बाहेर काढून ठेवलीयेत. तुमच्याकडे असं करणारे हात असतील तर कराराची गरज नाही, आम्ही एकदा येऊन काय बघायचं ते शिकवून जाऊ. नसतील तर आम्ही पावसाआधी आणि पावसानंतर येतो, पन्हळी, छत, झाडं, तडे बघतो आणि फोटोंसकट लेखी देतो.

फोन करण्याआधी चारही बाजूंचे फोटो, तो पावसातला व्हिडीओ आणि मागच्या दुरुस्तीची बिलं असतील तर ती काढून ठेवा. वास्तू संरक्षित यादीत असेल तर खात्याची परवानगी हातात आल्याशिवाय आम्ही खिळासुद्धा ठोकत नाही, अर्ज भरायला मात्र मदत करतो.