एसजीपीटी वाढलं म्हणजे कावीळच का?

रक्ताच्या रिपोर्टात एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरची म्हणून ओळखली जाणारी एन्झाइम्स) ठळक अक्षरात आलं की आपल्याकडे तेल-तूप बंद नि उसाचा रस सुरू. आणि कुणीतरी मावशी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता देतेच (हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावला की चुन्याच्या पाण्यात पिवळं उतरणारच, त्यात कसली आलीये कावीळ!).

पण पोरगं सहा-सात वर्षांचं असेल, जिना चढायला कुरकुरत असेल, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उठत असेल, पापण्या जांभळट नि बोटांच्या सांध्यांवर लालसर पुरळ असेल, तर भानगड लिव्हरची नाही, स्नायूंची असू शकते. ज्युव्हेनाइल डर्मॅटोमायोसायटिस. प्रतिकारशक्ती आपल्याच स्नायूंवर नि त्वचेवर उलटते. दहा लाख मुलांत वर्षाला २ ते ४ केसेस, त्यामुळे पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही.

मुळात ही एन्झाइम्स एकट्या लिव्हरची नाहीतच. एसजीओटी रक्तात वाढतं हे १९५४ साली छापून आलं ते हार्ट अटॅकच्या पेशंटबद्दल! स्नायूंच्या पेशीतही ती असतात, पेशी फाटली की माल रक्तात गळतो. म्हणून सोबत सीपीके बघायचं, हे स्नायूंचं एन्झाइम, लिव्हरमध्ये जवळपास नसतंच, आणि जीजीटी, हे लिव्हरचं, जे स्नायूत नसतं. सीपीके वर नि जीजीटी नॉर्मल असेल तर संशय स्नायूंवर.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. रक्त म्हणजे टाकी समजा, एकीकडून गळती येतेय नि दुसरीकडून शरीर उपसतंय, पण उपसायचा वेग प्रत्येकाचा वेगळा. एसजीओटी निम्मं व्हायला साधारण १७ तास, सीपीकेला दीड दिवस, एसजीपीटीला ४७ तास. समजा एसजीओटी नि एसजीपीटी दोन्ही ४०० वर आहेत आणि गळती आज एकदम थांबली, तर ४७ तासांनी एसजीपीटी २०० वर नि एसजीओटी मात्र साठाच्या आत! म्हणजे त्या दिवशीचा रिपोर्ट बघणाऱ्याला मुख्यतः एसजीपीटीच वाढलेलं दिसणार आणि तो म्हणणार लिव्हर. त्यात पोराला मेथोट्रेक्सेट (या आजारात प्रतिकारशक्ती दाबायला देतात ते औषध) चालू असेल तर अजून घोळ, कारण ते औषध खरंच लिव्हरला त्रास देऊ शकतं. एका आकड्यावरून काहीच ठरत नाही, मागचे तीन-चार रिपोर्ट शेजारी ठेवूनच बघावं लागतं.

बरं, सीपीके नॉर्मल म्हणजे सुटलो असंही नाही, काही मुलांत आजार जोरात असतानाही ते नॉर्मल येतं. म्हणून एलडीएच नि अल्डोलेज या स्नायूंतल्या आणखी दोन एन्झाइम्सची तपासणीही करतात. पण पोरगं हात झटकतंय, शीर सापडत नाहीये नि बारीक सुईतून जोरात रक्त ओढलं, तर लाल पेशी फुटून एलडीएच उगाचच वाढतं. आणि आदल्या दिवशी ढुंगणावर इंजेक्शन दिलेलं असेल तर सीपीकेसुद्धा.

त्यामुळे डॉक्टर कागद बाजूला ठेवतात, पोराला उताणं झोपवतात, मान उचलून धर म्हणतात नि स्नायूंत किती ताकद आहे ते बघायला सेकंद मोजत बसतात, दोन मिनिटांपर्यंत.