चहाच्या रंगाचं पाणी म्हणजे प्लांट बंद?

पेपर मिलच्या नाल्याला चहासारखं पाणी दिसलं की चंद्रपूरकडच्या गावांत निकाल ठरलेला: "सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट बंद ठेवला." कधी तसंही असतं. पण रंगावरून ते कळत नाही.

तो रंग बांबू-लाकडातल्या लिग्निनचा, म्हणजे तंतू एकमेकांना धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा. प्लांटच्या हवाबंद टाकीतले, बिनहवेचे जिवाणू स्टार्च, साखर, सेंद्रिय आम्लं फस्त करतात. लिग्निनला जवळजवळ हात लावत नाहीत. दर किलो सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) घटताना ०.३५ घनमीटरच्या आसपास मिथेन निघतोय, टाकी झकास चालली आहे, तरी पाणी तांबूसच. रंगासाठी पुढे तुरटी नाहीतर ओझोन लागतो, आणि तुरटीचा गाळ ही निराळीच डोकेदुखी.

बिघाड रंगात नाही, सामूत (पीएचमध्ये) दिसतो. तो साधारण ६.८ ते ७.२ हवा, तापमान ३५ अंशांच्या आसपास. टाकीत एकदम जास्त सांडपाणी आलं की आम्ल साठतं, सामू घसरतो, गॅस मंदावतो. अशा वेळी आधी आवक कमी करायची, मग सोडा घालायचा. नुसता चुना ओतत राहिलं तर तळाशी थर धरतो.

नाल्याचं पाणी काचेच्या बाटलीत तासभर ठेवून पाहा. पांढुरके तंतू तळाला बसले, तर गाळ बसवायची पहिली टाकीच नीट चालत नाही.

आणि नितळ पाणी ओलिताला चालतं, हेही खरं नाही. सोडियम जिवाणू खात नाहीत. काळ्या जमिनीत ते साठलं की रान चोपण होतं: पावसात चिखल, उन्हात दगड. ओलिताआधी प्रयोगशाळेतून ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) आणि एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम किती, त्याचं माप) काढून घ्या.