दोषसहनक्षमता : एक दणकट यंत्र की अनेक स्वस्त यंत्रे

संगणकाचा एखादा भाग बिघडला तरी काम थांबू नये, यासाठी दोन वाटा आहेत. एकीत बिघाड स्वतःच्या पोटात जिरवणारे महाग यंत्र घ्यायचे. दुसरीत बाजारात सहज मिळणारी साधी यंत्रे जास्त संख्येने घ्यायची आणि एक पडले की दुसऱ्याने काम उचलायचे. वरवर पाहता हा किमतीचा प्रश्न वाटतो. पण बिघाड सोसण्याची जबाबदारी यंत्र बनवणाऱ्या कंपनीवर टाकायची की आपल्या प्रोग्रामरवर आणि सिस्टीम सांभाळणाऱ्या माणसांवर, हे त्यात ठरत असते. जुलै १९८६ मध्ये मांडवीवरचा पूल कोसळल्यावर पणजीची वाहतूक फेरीबोटींवर आली. फेरीबोटींपैकी एखादी बंद पडली तरी बाकीच्या चालतात, मात्र त्यांना धक्के, खलाशी आणि वेळापत्रक लागते. स्वस्त यंत्रांच्या समूहालाही असाच जास्तीचा व्याप लागतो.

या विचाराचे गणित जॉन फॉन नॉयमन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात मांडले : घटक बेभरवशाचे असले तरी त्यांच्या जोडणीतून भरवशाचे यंत्र उभे राहू शकते. १९७४ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या टँडेम कंपनीने त्यावर व्यवसाय उभारला आणि १९७६ मध्ये आपले पहिले ‘नॉनस्टॉप’ यंत्र सिटीबँकेला दिले. त्यात प्रत्येक महत्त्वाच्या कामाची जोडी असे. मुख्य प्रक्रिया आपली स्थिती वरचेवर दुसऱ्या प्रोसेसरवरच्या जोडीदाराला कळवत राही. १९८० मध्ये निघालेल्या स्ट्रेटस कंपनीची रीत वेगळी होती. एकाच बोर्डावरचे दोन प्रोसेसर तेच काम एकाच ठेक्यात करत आणि उत्तरे जुळली नाहीत की तो बोर्ड स्वतःला बाजूला काढे. शेजारचा बोर्ड न थांबता काम पुढे नेई. वर चालणाऱ्या प्रोग्रामला याची गंधवार्ताही नसे. एवढी किंमत मोजली जाई ती याचसाठी.

दुसऱ्या वाटेचे सर्वांत ठळक उदाहरण गूगलचे. २००३ मध्ये त्यांच्या अभियंत्यांनी १५,००० हून अधिक साध्या पीसींवर शोधसेवा चालत असल्याचे लिहिले. त्याच वर्षी मांडलेल्या त्यांच्या फाइल प्रणालीत घटक बिघडणे हीच नेहमीची स्थिती मानली होती आणि माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या सहसा तीन प्रती ठेवल्या जात. हिशेब सोपा आहे : एक यंत्र सरासरी तीन वर्षांनी बिघडत असेल, तर हजार यंत्रांत जवळपास रोज एक बिघडणार. तिथे हे सोसणे सॉफ्टवेअरला शिकवावेच लागते, आणि तो खर्च हजार यंत्रांवर वाटला जातो. पाच यंत्रांच्या कार्यालयात मात्र तो परवडेलच असे नाही.

राखीव यंत्रांचे आकडे मोहात पाडतात. ९९ टक्के वेळ चालणारे एक यंत्र वर्षाला साधारण ८८ तास बंद राहील. तशी दोन घेतली, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ ५३ मिनिटांवर येतो. तिसरे जोडले की अर्ध्या मिनिटावर. पण एकाचा बिघाड दुसऱ्याच्या बिघाडाशी पूर्ण असंबद्ध असेल, तरच हे खरे. गोव्यात नेमकी इथेच मेख आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात झाडे कोसळून राज्यभर वीज गेली. एकाच खोलीत एकाच यूपीएसवर ठेवलेले तीन सर्व्हर असल्या वेळी एकाच सर्व्हरइतके असहाय असतात. पावसाळ्यात विजेचा लोळ पडला की केबलमधून येणारा झटका कोणत्या यंत्राची किंमत किती, हे पाहत नाही. समुद्रकाठच्या दमट, खाऱ्या हवेत मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडतात. पट्टी काढून ते खोडरबराने पुसायचे आणि परत बसवायची, हा दुरुस्तीवाल्यांचा नेहमीचा उपाय. अशा खोलीत दहा लाखांच्या यंत्राआधी अर्थिंग, हवेतला ओलावा आणि जनरेटरचे डिझेल यांकडे बघायला हवे.

दोन जागी यंत्रे ठेवली की वेगळे संकट उभे राहते. समजा, एका पतसंस्थेचा एक सर्व्हर पणजीत आहे आणि दुसरा मडगावात. झुआरीपलीकडचा दुवा तुटला. दोन्ही यंत्रे चालू आहेत, पण प्रत्येकाला वाटते की दुसरे मेले. ५,००० रुपये शिल्लक असलेल्या सभासदाने पणजीत ४,००० काढले आणि त्याच सकाळी त्याच्या मुलाने संयुक्त खात्यातून मडगावात आणखी ४,००० काढले. दुवा जुळल्यावर खात्यात तीन हजारांची तूट दिसते आणि दोन्ही खतावण्या आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून तिसरा साक्षीदार लागतो. फोंड्यात ठेवलेले लहानसे यंत्रही चालेल, पण त्याचा दुवा या दोन्हींपासून स्वतंत्र हवा. तिघांपैकी दोघांचे एकमत असल्याशिवाय व्यवहार नोंदवायचा नाही. ज्या बाजूला बहुमत नाही, तिने काम थांबवायचे. काउंटरवरच्या माणसाला हे पटवून देणे सोपे नसते, तरी पैशाच्या कामात तोच नियम योग्य आहे.

स्वस्त यंत्र बंद पडते तेव्हा निदान कळते. चुकीचे उत्तर देऊन चालत राहणारे यंत्र अधिक घातक, कारण समूह ती चूक इमानाने सगळ्या प्रतींत उतरवतो. गूगलच्या यंत्रांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास एक तृतीयांश यंत्रांत वर्षातून किमान एकदा मेमरीची दुरुस्त होण्याजोगी चूक आढळली. त्यामुळे बाकी सगळीकडे काटकसर चालेल, पण चूक ओळखून सुधारणाऱ्या ईसीसी मेमरीत ती करू नये.

टँडेममधल्या जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये आपल्याच ग्राहकांकडच्या यंत्रणा का थांबल्या, ते तपासले. नव्या मालातले सुरुवातीचे बिघाड वगळता ४२ टक्के वेळा कारण देखभाल-व्यवस्थापनाचे होते, २५ टक्के वेळा सॉफ्टवेअरचे आणि केवळ १८ टक्के वेळा हार्डवेअरचे. हार्डवेअरचा वाटा घटला, तो यंत्राने ते बिघाड आधीच जिरवल्यामुळेही. पण उरलेले बिघाड पैसे टाकून विकत घेतलेल्या पेटीच्या बाहेरचे होते.

गोव्यातल्या मध्यम आकाराच्या संस्थेला, मग ते इस्पितळ असो, वर्तमानपत्र असो की पतसंस्था, दोन वेगळ्या गावांत दोन साधे पण ईसीसीवाले सर्व्हर, एक साक्षीदार आणि घाटापलीकडे एक प्रत, ही रचना बहुधा पुरेशी ठरते. मात्र जुने सॉफ्टवेअर बदलता येत नसेल आणि ते एकाच यंत्रावर चालणारे असेल, तर महाग यंत्रच घ्यावे. तिथे समूह उपयोगी पडत नाही. दोन्ही वाटांत बॅकअप वेगळा ठेवावाच लागतो, कारण चुकून पुसलेली नोंद क्षणात सगळ्या प्रतींतून पुसली जाते. तो बॅकअप दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उतरवून बघणे आणि कामाच्या दिवशी, सगळे हजर असताना, एका सर्व्हरची वायर काढून दुसरा काम उचलतो का ते पाहणे, ही दोन्ही कामे मिरगाचा पाऊस सुरू होण्याआधी उरकावीत.