चामड्याचा वास: मुळातच वरून चढवलेला

वाळ्याच्या मुळांतून अत्तर निघते, तसे ते चामड्यातून निघत नाही. ओल्या कातड्याला कुजका वास असतो. आपण ज्याला चामड्याचा वास म्हणतो, तो कातडे कमावताना वापरलेल्या साली, तेले आणि धूर यांचा असतो. नवी कोल्हापुरी चप्पल नाकाशी धरली की जो वास येतो, त्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचा वाटा मोठा. परफ्यूममधील ‘लेदर’ हा गंधप्रकार म्हणजे अशा वरून चढवलेल्या वासाची नक्कल.

युरोपात या प्रकरणाची सुरुवात हातमोज्यांपासून होते. दक्षिण फ्रान्समधील ग्रास हे आधी कातडी कमावणाऱ्यांचे गाव. सोळाव्या शतकात सुगंधी हातमोज्यांची चाल इटलीकडून फ्रेंच दरबारात रुजली. तिचे श्रेय १५३३ मध्ये लग्न होऊन आलेल्या कॅथरिन द मेदिचीला देण्याची प्रथा आहे, जरी एकट्या राणीच्या पदरात एवढे टाकणे जरा जास्तच. १६१४ मध्ये पॅरिसच्या हातमोजेकारांना सुगंधकार म्हणवून घेण्याची राजमान्यता मिळाली. पुढे ग्रासमध्ये कातडी मागे पडली आणि सुगंधासाठीची फुले उरली.

‘लेदर’चा धुरकट सूर मात्र रशियाकडून आला. तेथे कमावलेल्या कातड्याला बर्चच्या सालीचे तेल चोळत, म्हणजे ते पाण्याला आणि किडीला दाद देत नसे. बर्च हा आपल्या भूर्जपत्राच्या झाडाचा भाऊबंद. त्याची साल बंद भांड्यात, हवा लागू न देता तापवली की काळे, चिकट डांबर ठिबकू लागते आणि त्याला विझलेल्या शेकोटीसारखा वास येतो. सेंट पीटर्सबर्गहून अशी कातडी घेऊन जेनोआला निघालेले ‘मेटा कॅथरिना’ जहाज १७८६ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या प्लिमथजवळ बुडाले. १९७३ मध्ये पाणबुड्यांना ते सापडले, तेव्हा चिखलात रुतलेली कातडी इतकी शाबूत होती की त्यांच्यापासून बूट आणि पाकिटे शिवली गेली.

विसाव्या शतकात डांबराच्या जोडीला आयसोब्युटाइल क्विनोलिन हे कृत्रिम रसायन आले. त्याचा वास कडवट, हिरवट, मातकट असतो. कारोन या फ्रेंच सुगंधगृहाचे ‘टाबाक ब्लाँ’ (१९१९), मॉस्कोत जन्मलेल्या अर्नेस्ट बो यांनी शनेलसाठी १९२० च्या दशकात रचलेले ‘क्युइर द रुसी’ आणि जर्मेन सेलिये यांचे ‘बँडिट’ (१९४४) ही या परंपरेची ठळक नावे. त्यांतले ‘बँडिट’ सर्वांत कडू आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक. बर्चचे कच्चे डांबर आता सुगंध-उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चालत नाही, ते शुद्ध करूनच वापरावे लागते. अलीकडे मऊ, केशराकडे झुकणारे ‘स्वेड’, म्हणजे मखमली पोताच्या चामड्याची आठवण देणारे गंध, लोकांना अधिक रुचते.

दरम्यान खऱ्या चामड्याचा वास फिका पडला आहे, कारण बहुतेक कातडे आता सालींऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते. त्यामुळे २००३ मध्ये कॅडिलॅकने आपल्या मोटारींच्या चामडी आसनांत ‘न्युआन्स’ नावाचा खास बनवून घेतलेला गंध मुरवला.