स्प्रेडशीटमधून फिक्स्ड-विड्थ फाइल: रुंदीच्या काटेकोरपणामागचा इतिहास

फिक्स्ड-विड्थ टेक्स्ट फाइलमध्ये दोन माहितींच्या मध्ये स्वल्पविराम नसतो, टॅब नसतो, आणि बहुतेक वेळा वर शीर्षकांची ओळही नसते. एखादा आकडा रक्कम आहे की खाते क्रमांक, हे तो ओळीत कितव्या जागेवर बसलाय एवढ्यावरच ठरतं. ही शिस्त पंचकार्डातून, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवायच्या जाड कागदी कार्डातून आली. आयबीएमने १९२८ मध्ये ८० उभ्या रकान्यांचं कार्ड आणलं. एका रकान्यात एक अक्षर, आणि कुठले रकाने कशासाठी हे आधीच ठरलेलं. फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कार्डावर शेवटचे आठ रकाने अनुक्रमांकासाठी राखीव असत, म्हणजे गठ्ठा हातातून पडून विस्कटला तरी कार्डं पुन्हा क्रमाने लावता येत.

१९६० च्या सुमारास कोबोल ही प्रोग्रॅमिंग भाषा आली आणि हीच मांडणी प्रोग्रॅममध्ये उतरली. नावाला २० जागा, रकमेला ९, असं आधीच जाहीर करायचं. रकमेतलं दशांशचिन्ह फाइलमध्ये लिहायचंच नाही. शेवटचे दोन अंक दशांशाचे, हे वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ठाऊक असतं. ऋण चिन्हासाठीही वेगळी जागा खर्च होत नसे. शेवटच्या अंकाच्याच रकान्यात वर, ११ क्रमांकाच्या ओळीत, आणखी एक भोक पाडायचं. अंक आणि हे भोक मिळून कार्डावर एक इंग्रजी अक्षर होतं, त्यामुळे उणे १२३४ ही रक्कम ‘१२३एम’ अशी उमटते. अशा फाइली आजही भेटतात, आणि माहितगार नसलेला माणूस ते अक्षर कचरा समजून पुसून टाकतो. रक्कम तिथेच बिघडते. वर्षाला दोनच अंक देण्याची सवयही याच काटकसरीतली, आणि २००० साल जवळ आल्यावर ती किती महागात पडली हे सगळ्यांनी पाहिलं.

कार्डं गेली, पण मांडणी टिकली. अमेरिकेतल्या एसीएच (बँकांमधले व्यवहार एकगठ्ठा पोचवणारी यंत्रणा) बँक व्यवहारांच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळ ९४ अक्षरांची असते. तपशिलाच्या ओळीत रक्कम ३० ते ३९ या जागांवर, सेंटमध्ये आणि डावीकडे शून्यं भरून येते, १,२५०.७५ डॉलर म्हणजे ‘००००१२५०७५’. ओळींची एकूण संख्या दहाच्या पटीत हवी, कमी पडल्या तर सगळे नऊ असलेल्या ओळी शेवटी जोडायच्या.

स्प्रेडशीटचा जन्म मात्र वेगळ्या घराण्यातला. १९७९ च्या व्हिसीकॅल्क या सुरुवातीच्या स्प्रेडशीटपासून कॉलमची रुंदी ही डोळ्यांची सोय आहे. सेलमधल्या मजकुराच्या लांबीशी तिचा संबंध नाही. निर्यातीतल्या बहुतेक अडचणींचं मूळ इथेच आहे. १९८३ च्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमध्ये छपाई कागदाऐवजी फाइलमध्ये वळवता येत असे. त्या फाइलच्या नावामागचं पीआरएन हे शेपूट एक्सेलच्या ‘फॉर्मॅटेड टेक्स्ट’ या पर्यायाला अजून आहे, आणि त्याचा स्वभावही छपाईचाच: पडद्यावर जे दिसतं ते उमटतं. एक्सेलमध्ये कॉलमची रुंदी मूळ फॉन्टमधल्या अंकाच्या रुंदीत मोजतात. नेहमीची ८.४३ रुंदी ठेवून आठ जागांची खात्री धरू नये. फॉन्ट समान रुंदीचा घ्यावा आणि रुंदी पूर्णांकात द्यावी. याहून घातक गोष्ट म्हणजे २४० अक्षरांची मर्यादा. ओळ त्याहून लांब असेल तर उरलेला भाग सगळ्या ओळी संपल्यावर फाइलच्या तळाशी जाऊन बसतो. वरवर पाहणाऱ्याला फाइल ठीकच वाटते.

लिबरऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेला मजकूर) निर्यातीच्या चौकटीत स्थिर रुंदीचा पर्याय आहे. तिथे आकडा कॉलमात मावला नाही तर फाइलमध्ये ### उमटतं आणि लांब मजकूर शेवटून कापला जातो. ### निदान दिसतं तरी. कापलेलं नाव मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून खरा भरवशाचा मार्ग म्हणजे रुंदी सूत्रांतून पक्की करणं. मजकुराच्या मागे रेप्ट (तेच अक्षर पुन्हा पुन्हा लिहिणाऱ्या) फंक्शनने २० स्पेस जोडायच्या आणि लेफ्ट फंक्शनने पहिली २० अक्षरं घ्यायची. रकमेला शंभरने गुणून आधी राउंड करायचं, मग टेक्स्ट फंक्शनला दहा शून्यांचं स्वरूप द्यायचं. राउंड टाळू नये: सेलमध्ये १२.५० दिसत असलं तरी आत १२.४९६७ असू शकतं, आणि मग ओळींची बेरीज शेवटच्या एकूण रकमेशी जुळत नाही. टेक्स्ट फंक्शन अकरा अंकी आकडा कापत नाही, पुढचं सगळं एका जागेने उजवीकडे ढकलतं. शेवटचे अंक ठेवणाऱ्या राइट फंक्शनने कापावं तर सर्वांत मोठा अंकच गुपचूप जातो. त्यामुळे सगळे तुकडे एका सेलमध्ये जोडल्यावर शेजारच्या कॉलममध्ये अक्षरं मोजणारं लेन फंक्शन लावून प्रत्येक ओळीची लांबी तपासावी.

तो जोडलेला कॉलम टॅब-विभक्त टेक्स्ट म्हणून सेव्ह केला तर ज्या ओळीत स्वल्पविराम असेल तिला एक्सेल अवतरणचिन्हांत गुंडाळतं आणि सगळं एका जागेने सरकतं. त्याऐवजी कॉलम कॉपी करून साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवावा. तो एडिटर सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या स्पेस उडवत नाही ना, हे सेटिंगमध्ये पाहून घ्यावं.

देवनागरी मजकूर असेल तर रुंदी अक्षरांत मोजायची की बाइटमध्ये (साठवणुकीच्या एककात), हे फाइल घेणाऱ्याला आधीच विचारावं. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत ‘क्षि’ हे डोळ्यांना एक अक्षर, लेनला चार आणि फाइलमध्ये बारा बाइट असतं. बाइट मोजणाऱ्या प्रणालीला लेनने २० भरलेलं नाव पाठवलं तर ते पुढच्या रकमेच्या जागेत घुसतं.