मेण तसेच राहते, मग डबा का वाळतो?

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बेळगावच्या गल्ल्यांमध्ये गाड्या धुण्याची गडबड सुरू होते. दुचाकी, मोटार, टेम्पो, ट्रॅक्टर असे सारे काही पूजेसाठी लखलखीत करायचे असते आणि एरवी वर्षभर कपाटात पडून असलेला वॅक्सचा डबा त्या दिवशी हमखास बाहेर निघतो. दोन वर्षांपूर्वी मी असाच एक पत्र्याचा डबा उघडला, तेव्हा आतला पिवळसर गोळा कडेपासून सुटून मध्यभागी आक्रसला होता, आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या त्याला भेगा पडल्या होत्या आणि स्पंज कितीही फिरवला तरी त्याला काही लागत नव्हते. शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, एक्स्पायर झालंय हे." त्याचे म्हणणे निम्मे बरोबर होते. डबा वापरण्याजोगा उरला नव्हता हे खरे, पण त्यातले मेण बिघडलेले नव्हते. ते कारखान्यातून निघाले तसेच होते. गेले होते ते दुसरेच काहीतरी, आणि ते काय हे समजले की वॅक्स कसे ठेवावे याची बहुतेक उत्तरे मिळतात.

गाडीच्या पेस्ट वॅक्समधला मानाचा घटक म्हणजे कार्नोबा मेण. ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर ते साचते. कोरड्या हवेत पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडानेच केलेली ही सोय आहे. पाने तोडून उन्हात वाळवतात, झोडपतात आणि झडलेली पूड वितळवून गाळतात. चिकोडी किंवा अथणीकडच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको, कारण उसाच्या कांडीवरून बोट फिरवले की जी पांढरट पूड हाताला लागते, तीही याच जातीची, पाणी धरून ठेवणारी मेणाची पूड असते. फरक इतकाच की कार्नोबा हे नैसर्गिक मेणांमध्ये सर्वांत कठीण समजले जाते. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते, तर कार्नोबाला वितळायला ८२ ते ८६ अंश लागतात.

अशी मेणे प्रामुख्याने लांब साखळीची आम्ले आणि लांब साखळीची अल्कोहोले यांच्या जोडणीतून बनलेली असतात. रसायनशास्त्रात या जोडणीला एस्टर म्हणतात. हे रेणू पाण्यात विरघळत नाहीत, हवेतल्या ऑक्सिजनला सहजासहजी दाद देत नाहीत आणि जंतूंनाही ते लवकर पचत नाहीत. इजिप्तच्या फायूम भागात इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत लाकडी फळ्यांवर माणसांचे चेहरे रंगवले गेले, त्यांतल्या अनेक चित्रांसाठी मधमाशीच्या मेणात रंग कालवलेले होते. ते चेहरे आजही ताजे दिसतात. सुमारे दोन हजार वर्षे टिकणाऱ्या पदार्थाला आपल्या कपाटातल्या पाच वर्षांनी काय होणार?

अडचण अशी की निव्वळ कार्नोबा विटेच्या तुकड्यासारखे कडक असते आणि ते गाडीवर चोळता येत नाही. म्हणून त्याला मऊ मेणांची, तेलांची आणि मुख्य म्हणजे पेट्रोलियमपासून काढलेल्या उडनशील विद्रावकाची, म्हणजे मेण विरघळवणाऱ्या द्रवाची, जोड दिली जाते. विद्रावकामुळे मेण पसरते, पत्र्यावर पातळ थर बसतो आणि मग विद्रावक उडून जाऊन मेण मागे राहते. थर चढवून काही मिनिटे थांबायला सांगतात ते यासाठीच. म्हणजे उडून जाणे हेच त्या विद्रावकाचे काम आहे. ते त्याने गाडीवर करावे, डब्यात करू नये, एवढीच आपली अपेक्षा असते. झाकण नीट बसले नसेल तर तो ते डब्यातच करतो, आणि वर्षभराने आपल्या हाती भेगाळलेला गोळा येतो.

त्यामुळे पेस्ट वॅक्सचे आयुष्य झाकणावर ठरते असे मी म्हणेन. वापर संपल्यावर डब्याची कड आणि झाकणाची आतली खोबण कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी, कारण तिथे अडकलेला मेणाचा बारीक कण झाकणाला केसभर उचलून धरतो आणि वर्षभर वाफ बाहेर जायला तेवढी फट पुरते. डब्यासोबत आलेली प्लास्टिकची चकती बहुतेक जण पहिल्याच दिवशी फेकून देतात. ती मेणाच्या पृष्ठभागाला टेकवून ठेवली तर वरची मोकळी हवा कमी होते आणि विद्रावकाची वाफ व्हायला जागाच उरत नाही. असा घट्ट बंद आणि गार जागी ठेवलेला डबा पाच-सहा वर्षांनीही उत्तम चालतो. मोठा डबा संपत आला म्हणून उरलेले वॅक्स श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात काढून ठेवण्याची सवय मात्र मोडायला हवी. असे विद्रावक पातळ प्लास्टिकमधून हळूहळू पाझरून जातात, मूळ लेबल हरवते आणि घरात लहान मूल असेल तर खाण्याच्या डब्यातले पिवळे मऊ काहीतरी त्याच्या तोंडात जाण्याचा धोका असतो. तसे कधी घडलेच तर उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण असा विद्रावक पोटापेक्षा फुप्फुसात शिरला तर जास्त इजा करतो. मुलाला डब्यासह थेट दवाखान्यात न्यावे.

झाकणाखालोखाल महत्त्व तापमानाचे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने इथली हवा सौम्य, असे आपण कौतुकाने सांगतो, आणि घरातल्या कपाटापुरते ते खरेही आहे. पण एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीला ही सौम्य हवा लागत नाही. काचांमधून आत आलेले ऊन आतच अडकते आणि तासाभरात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा वीस अंशांहून अधिक चढू शकते. बाहेर ३५ अंश असताना आत ५५ अंश, आणि पारा चाळिशीला टेकणाऱ्या अथणी-रायबागकडे त्याहूनही वर. वॅक्सची बाटली हाताशी असावी म्हणून ती डिकीत ठेवणारे अनेक जण मी पाहिले आहेत. इतक्या उष्णतेत कार्नोबा वितळत नसले, तरी विद्रावकात कालवलेला मऊ लगदा पातळ होतो, तेल वर येते आणि झाकणाआड वाफेचा दाब वाढतो.

मग संध्याकाळी गाडी थंड होते आणि वितळलेले वॅक्स पुन्हा गोठते. इथे तुपाची आठवण ठेवावी. कढवलेले तूप सावकाश निवू दिले की त्याला रवा धरतो. तेच झटपट गार केले तर ते गुळगुळीत थिजते. मेणाचेही तसेच आहे. कारखान्यात ते ठरावीक वेगाने थंड करून बारीक स्फटिकांचे, लोण्यासारखे केलेले असते. डिकीत रोज वितळून रोज सावकाश गोठणाऱ्या वॅक्सचे स्फटिक मोठे होत जातात आणि पेस्ट खरखरीत, रवाळ बनते. तुपात रवा हवासा वाटतो, वॅक्समध्ये तो एकसारखा पसरत नाही आणि गाडीवर पट्टे उठतात. एकदाच वितळलेला डबा फेकू नये. तो सरळ उभा ठेवून गोठू द्यावा, वर आलेले तेल काडीने ढवळून घ्यावे आणि आधी दाराच्या आतल्या कडेवर थोडे लावून पाहावे.

पातळ वॅक्सची आणि फवारण्याच्या बाटल्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांत मेण पाण्यात विरघळलेले नसते, तर अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात तरंगत ठेवलेले असते. दुधातल्या स्निग्धांशाचीही रचना अशीच असते आणि अशा मिश्रणाला पायस म्हणतात. थेंबांनी एकमेकांना चिकटू नये म्हणून त्यांच्याभोवती साबणासारख्या रेणूंचे कडे केलेले असते. दूध ठेवून दिले की साय वर येते, तशी अशा बाटलीत थरांची विभागणी होणे हा दोष नव्हे. बाटली मिनिटभर हलवली की ती पुन्हा एकजीव होते. परंतु या संरक्षक रेणूंपैकी कित्येकांची पाण्याशी असलेली जवळीक तापमान वाढले की कमी होते. कडे सैल पडते, थेंब एकत्र येतात आणि घुसळल्यावर ताकातून लोणी निघावे तसे मेण कायमचे वेगळे होते. ते पुन्हा कालवता येत नाही. पारख सोपी आहे: बाटली नीट हलवून थोडे वॅक्स काचेच्या पेल्यात ओतावे आणि दहा मिनिटे थांबावे. तेवढ्यात वर तेलकट थर आला किंवा गुठळ्या दिसल्या तर पायस फुटले असे समजावे.

परदेशी बाटल्यांवर ती गोठू देऊ नये अशी सूचना हटकून असते. पाणी गोठताना बनणारे बर्फाचे स्फटिक थेंबांना दाबून एकत्र आणतात, हे त्यामागचे कारण आहे. आपल्याकडच्या थंडीत पाणी गोठत नाही, त्यामुळे त्या सूचनेची चिंता आपण सोडून द्यावी आणि तिच्या जागी डिकीचा विचार करावा. पाणी असलेल्या बाटलीत जंतूही वाढू शकतात. त्यांना रोखण्यासाठी कारखान्यात संरक्षक द्रव्य घातलेले असते. पण बाटली पुरी पडावी म्हणून त्यात नळाचे पाणी मिसळले की ते द्रव्य विरळ होते आणि बाहेरचे जंतूही आत जातात. आंबूस किंवा कुबट वास आला तर ती बाटली संपली. न बिघडलेल्या पातळ वॅक्ससाठी उघडल्यापासून दोन वर्षे हा हिशेब धरायला हरकत नाही.

सिरॅमिक कोटिंगच्या छोट्या काचेच्या बाटल्या अलीकडे खूप खपतात. त्यांत मेण नसतेच. त्यांतली सिलिकॉनयुक्त द्रव्ये हवेतला ओलावा शोषून एकमेकांना जोडली जातात आणि काचेसारखा कठीण थर बनवतात. गाडीवर हवी असलेली ही क्रिया बाटली उघडताच तिच्या तोंडाशीही सुरू होते, आणि जुलै महिन्यात खानापूरकडे, त्यातही कणकुंबीसारख्या घाटमाथ्यावरच्या गावात, तिला रोखणे कठीण असते. पावसाळ्यात अशी बाटली उघडूच नये. उघडलीच तर काही आठवड्यांत संपवावी आणि तोवर ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद पिशवीत ठेवावी. तोंडाशी पांढरे स्फटिक दिसू लागले, तर ते गाडीवर ओरखडे काढतील म्हणून ती टाकून द्यावी.

घरात वॅक्स ठेवायला भिंतीतल्या कपाटाचा खालचा, कुलूप लागणारा कप्पा सर्वांत चांगला. पत्र्याच्या छपराखालचा माळा दुपारी भट्टीसारखा तापतो, कौलारू घरातला माळा त्यामानाने बरा. पेस्ट वॅक्समधला विद्रावक ज्वालाग्राही असल्याने स्वयंपाकघर आणि देवघर दोन्ही टाळावीत, आणि घट्ट झालेला डबा गॅसवर धरून मऊ करण्याचे धाडस कधीही करू नये.

स्पंज आणि फडकी मात्र डब्यात कोंबून ठेवू नयेत. ओलसर स्पंजला पावसाळ्यात बुरशी येते आणि त्यातल्या पाण्याने पत्र्याचा डबा आतून गंजतो. त्याहून मोठा धोका धुळीचा असतो. आपल्याकडच्या तांबड्या मातीत वाळूचे बारीक कण असतात आणि गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर त्यांच्यापुढे मऊ ठरतो. एकदा असा कण पेस्टमध्ये गेला की पुढच्या प्रत्येक वेळी तो गाडीवर बारीक चरे पाडतो, आणि चुकीचा ठपका वॅक्सवर येतो.

खरेदीच्या वेळी लेबल जरूर वाचावे. आपल्या देशात आवेष्टित वस्तूवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणे बंधनकारक आहे. त्यावरून डबा दुकानात किती दिवस होता ते कळते; तो उन्हाच्या दर्शनी काचेत मांडलेला असेल तर मागच्या फळीवरचा मागून घ्यावा. डबा उघडला त्या दिवसाची तारीख तळाशी पक्क्या शाईच्या पेनने लिहावी. डब्यात टिकणे आणि गाडीवर टिकणे यांची मात्र गल्लत होऊ देऊ नये. डब्यात वर्षानुवर्षे टिकणारे कार्नोबा वॅक्स गाडीवर काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने राहते. ऊन, पाऊस आणि धुण्याचा साबण त्याला झिजवतात.

माझ्या त्या भेगाळलेल्या गोळ्यात टर्पेंटाइनचे काही थेंब घालून पाहा, असे एका गॅरेजवाल्याने सुचवले होते. त्याने पेस्ट मऊ होते हे खरे, पण मूळ प्रमाण आपल्याला ठाऊक नसल्याने नव्या गाडीवर तो प्रयोग मी करणार नाही. रंगाच्या दुकानातले थिनर तर मुळीच घालू नये, कारण ते रंगच मऊ करते. मी तो गोळा तसाच ठेवला. पुढच्या मिरगाआधी तो उन्हात थोडा मऊ करून फावड्याच्या आणि कुदळीच्या पात्यांवर चोळला आणि फडक्याने पुसून घेतला. पावसाळाभर ती अवजारे पडवीत टेकून होती, आणि खंडेनवमीला पूजेत मांडताना त्यांच्यावर गंजाचे ठिपके मोजकेच होते.