बॉटला वाक्य ‘कळतं’ ते कसं?

‘माझं पार्सल अजून आलं नाही’ असं चॅटमध्ये लिहिलं की क्षणात उत्तर येतं. मधल्या क्षणात काय घडलं, हे सहसा बाहेरच्यांना बघता येत नाही. ‘रासा ओपन सोर्स’मध्ये ते बघता येतं. रासा ही २०१६ साली बर्लिनमध्ये ॲलन निकोल आणि ॲलेक्स वाइडाउअर यांनी सुरू केलेली कंपनी. बॉट बनवण्यासाठीची तिची ही लायब्ररी, म्हणजे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या तयार कोडचा संच, अपाची २.० परवान्याखाली खुली आहे. कोणीही कोड वाचावा, बदलावा, स्वतःच्या सर्व्हरवर चालवावा.

पोस्टात टपाल वेगवेगळ्या खणांत टाकतात, तसं रासा आलेल्या वाक्यासाठी खण शोधते. या खणाला म्हणतात इंटेंट: पार्सलची चौकशी, पैसे परत, पत्ता बदल. इंटेंट आपण ठरवायचे आणि प्रत्येकाखाली लोक खरोखर लिहितात तशी नमुना वाक्यं द्यायची. त्यांवरून मॉडेल शिकतं आणि नव्या वाक्यासाठी प्रत्येक इंटेंटला ० ते १ मधला गुण देतं. गाव, तारीख, ऑर्डर क्रमांक असे तपशील त्याच वेळी वेगळे काढले जातात.

मराठीची गंमत इथे सुरू होते. पुणे, पुण्याला, पुण्याहून, पुण्यातलं ही नुसते शब्द मोजणाऱ्या यंत्रासाठी चार निरनिराळी नावं. म्हणून रासाच्या नेहमीच्या मांडणीत शब्दांबरोबर त्यांचे एक ते चार चिन्हांचे तुकडेही मोजतात. काना, मात्रा, उकार ही संगणकाच्या लेखी सुटी चिन्हं असल्यामुळे ‘पुण’ हा तुकडा चारही रूपांत सापडतो. कोणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक केली तरी बाकीचे तुकडे जुळतात. प्रत्ययांनी लगडलेल्या आपल्या भाषेला ही साधी युक्ती फार उपयोगी पडते, आणि तिच्यासाठी आधीपासून तयार असलेलं मराठी मॉडेल लागत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मात्र एक छोटा आकडा. सर्वोच्च गुण ०.३ च्या खाली गेला, किंवा पहिल्या दोन इंटेंटमधला फरक ०.१ पेक्षा कमी राहिला, की नेहमीच्या मांडणीतला बॉट अंदाज ठोकत नाही. तो पुन्हा विचारतो किंवा, तशी सोय केली असेल तर, संभाषण माणसाकडे सोपवतो. हे आकडे बदलता येतात. त्रासलेल्या ग्राहकाला चुकीचं उत्तर ठामपणे देण्यापेक्षा ‘नीट समजलं नाही’ म्हणणारा बॉट केव्हाही चांगला.

पुढची चाल नमुना संभाषणांवरून आणि नियमांवरून ठरते. पार्सल कुठे पोचलं, हे मॉडेलला ठाऊकच नसतं. त्यासाठी ॲक्शन सर्व्हर नावाचा वेगळा प्रोग्राम कंपनीच्या डेटाबेसमध्ये डोकावतो, आणि उत्तराचा मजकूर बहुधा आधीच लिहून ठेवलेला असतो.

कंपनीचा भर आता मोठ्या भाषा-मॉडेलांवर आधारलेल्या नव्या उत्पादनावर आहे. तरी चार-सहा प्रकारच्याच चौकशा येणाऱ्या लहान संस्थेला ही जुनी पद्धत अजून पुरते. लोकांची संभाषणं आपल्याच सर्व्हरवर राहतात. अधूनमधून ती वाचायची, बॉट जिथे अडला ती वाक्यं योग्य इंटेंटखाली टाकायची आणि साध्या लॅपटॉपवर मॉडेल पुन्हा शिकवायचं.